पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

१५२१ सालचा मे महिना. स्पेनच्या उत्तरेकडचा पाम्प्लोनाचा किल्ला फ्रेंच सैन्याविरुद्ध लढवताना तिशीतल्या एका बास्क सरदाराच्या पायाला तोफगोळा लागला. हाडाचा चुरा झाला. त्याचं नाव इनिगो. लोयोला हे त्याच्या घराण्याचं ठिकाण. तिथल्या वाड्यात त्याला उचलून आणलं. पाय नीट जुळला नाही, गुडघ्याखाली हाड पुढे आलं. आता तंग बूट चढणार नाही, दरबारात आपण कसे दिसू, या काळजीने त्याने ते हाड कापायला लावलं. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची सोय त्या काळात नव्हती.

मग महिनोन् महिने अंथरूण. वेळ जाता जाईना, तेव्हा त्याने पुस्तकं मागितली. त्याला हव्या होत्या शूर सरदारांच्या, त्यांच्या प्रेमपात्र स्त्रियांच्या, अशक्य मोहिमांच्या कादंबऱ्या. त्या काळी स्पेनमध्ये त्यांचं वेड होतं. पण वाड्यात तसलं एकही पुस्तक नव्हतं. घरातल्यांनी दोनच पुस्तकं आणून दिली. एक होतं सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेलं ख्रिस्तचरित्र आणि दुसरं संतांच्या चरित्रांचं. दोन्ही स्पॅनिश भाषेत. दुसरं काही हाताशी नाही म्हणून त्याने ती उघडली.

पुढे ही कथा नेहमी ‘पुस्तक वाचलं आणि माणूस बदलला’ अशी सांगितली जाते. स्वतः त्याने म्हातारपणी एका सहकाऱ्याला सांगितलेली हकीकत मात्र जास्त बारीक आहे. तो थोडं वाचायचा, पुस्तक बाजूला ठेवायचा आणि विचारात हरवायचा. कधी एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं पाहायचा. तिला भेटायला कसं जायचं, काय बोलायचं, कोणता पराक्रम करून दाखवायचा, यात तीन-चार तास सहज निघून जायचे. कधी संतांचे विचार यायचे. फ्रान्सिसने जे केलं ते आपल्याला का जमू नये? अनवाणी जेरुसलेमला का जाऊ नये? गंमत म्हणजे दोन्ही विचारांत तो सारखाच रमायचा.

फरक नंतर जाणवायचा. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं, उदास व्हायचं. दुसरा विचार संपल्यावरही आनंद टिकून राहायचा. बरेच दिवस त्याचं याकडे लक्षच गेलं नव्हतं. एके दिवशी गेलं आणि तो चकित झाला. वाचताना काय वाटतं याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, वाचून झाल्यावर काय उरतं ते पाहायला हवं, हे त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या सापडलं.

मग त्याने एक वही केली. आवडलेले उतारे त्यात उतरवून घ्यायला लागला. ख्रिस्ताचे शब्द लाल शाईने, मरियामातेचे निळ्या शाईने. जवळजवळ ३०० पानं भरली. हाच इनिगो पुढे संत इग्नेशियस लोयोला म्हणून ओळखला गेला. त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइटांच्या संघाला, १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. या संघातलाच एक माणूस पुढे आपल्या भाषेत येऊन पोहोचतो. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

रवंथ

इग्नेशियसच्या हाती पडलेलं ख्रिस्तचरित्र लिहिणारा लुडोल्फ हा चौदाव्या शतकातला कार्थुशियन मठवासी. हे चरित्र माहिती देण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. प्रसंग वाचायचा, डोळे मिटून तिथे जाऊन उभं राहायचं, कोण काय बोलतंय ते ऐकायचं आणि मग प्रार्थना करायची, अशी त्याची मांडणी होती. वाचण्याची ही रीत मठांमध्ये कित्येक शतकं घडत आली होती.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८व्या प्रकरणात दिवसाचं वेळापत्रक आहे. इतका वेळ अंगमेहनत, इतका वेळ वाचन. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक दिलं जाई आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचावं लागे. मधलीच पानं चाळायची सोय नाही. वाचनाच्या वेळात कुणी आळसावून गप्पा मारत बसलंय का, हे पाहायला एकदोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारत. म्हणजे लक्ष न लागणं हा काही आपल्या फोनने लावलेला शोध नाही. दीड हजार वर्षांपूर्वीही त्यावर पहारा ठेवावा लागत होता!

याच प्रकरणात आणखी एक छोटी सूचना आहे. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी कुणाला वाचायचं असेल तर त्याने इतरांना त्रास होणार नाही अशा बेताने वाचावं. यावरून कळतं की वाचन म्हणजे सहसा ओठ हलवून, आवाज काढून वाचणं. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, मिलानचे बिशप अँब्रोज मुकाट्याने वाचताना दिसले, डोळे पानावरून फिरतायत पण आवाज नाही, तेव्हा तरुण ऑगस्टिनला ते नोंद करून ठेवण्याजोगं वाटलं होतं.

मोठ्याने, सावकाश वाचलेलं वाक्य तोंडात राहतं. मठवासी या वाचनासाठी लॅटिनमध्ये जो शब्द वापरत त्याचा सरळ अर्थ ‘रवंथ’. गाय चारा गिळून टाकते आणि मग निवांत बसून तोच पुन्हा चघळते. तसं सकाळी वाचलेलं एखादं वचन दिवसभर शेतात, स्वयंपाकघरात काम करताना मनात घोळवायचं.

बाराव्या शतकात दुसऱ्या गिगो नावाच्या कार्थुशियन मठाधिपतीने एका लहानशा पुस्तिकेत या वाचनाची शिडीच मांडली. तिला चार पायऱ्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि चौथी नुसतं शांत असणं. त्याने दृष्टांत घेतला तो जेवणाचा. वाचन घास तोंडात ठेवतं, मनन तो चावतं, प्रार्थनेत चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. ‘लेक्तिओ दिविना’ म्हणजे पवित्र वाचन या नावाने कॅथलिक जगात आजही जे शिकवलं जातं त्याचा ढाचा हाच आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन हे शब्द ऐकत वाढलेल्या आपल्याला यात काही फार परकं वाटू नये.

इग्नेशियसने ही मठातली रीत मठाबाहेरच्या माणसांसाठी मोकळी केली. त्याच्या छोट्या पुस्तकाचं नावच ‘आध्यात्मिक व्यायाम’. चालणं, धावणं हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे मनाचे. तो म्हणतो की शिकवणाऱ्याने प्रसंग थोडक्यात सांगावा आणि बाजूला व्हावं, कारण पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो. आणि ज्या ओळीपाशी काही सापडेल तिथेच थांबावं, पुढे जायची घाई करू नये.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण त्यात एक अट गृहीत धरलेली आहे. वाचणाऱ्याच्या हातात पुस्तक हवं आणि ते त्याला कळणाऱ्या भाषेत हवं. ही अट सगळ्यांच्या वाट्याला आली नाही.

पुस्तकं काढून घेतली तेव्हा

इग्नेशियस अंथरुणावर वाचत पडला होता तेव्हा आविला गावात तेरेजा नावाची सहा वर्षांची मुलगी होती. थोडी मोठी झाल्यावर तीही शूर सरदारांच्या त्याच कादंबऱ्या वाचायला लागली. आई वाचायची, मुलगीही वाचायची आणि वडिलांना कळू नये म्हणून दोघी जपायच्या. नवी कादंबरी हातात नसली की आपल्याला चैन पडत नसे, असं तिने पुढे आत्मचरित्रात कबूल केलं आहे.

वयाच्या विशीत ती कार्मेलाइट मठात गेली. आजारपणात काकांनी तिला फ्रान्सिस्को दे ओसुना यांचं स्पॅनिश पुस्तक दिलं. आतल्या आत शांत होऊन प्रार्थना कशी करायची, ते त्यात होतं. शिकवायला जाणता गुरू मिळेना, म्हणून तिने पुस्तकालाच गुरू केलं. त्यानंतरची १८ वर्षं पुस्तक जवळ असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची आपली हिंमत झाली नाही, असं ती सांगते. पुस्तक तिला ढालीसारखं वाटे. मन सैरावैरा धावू लागलं की त्यातल्या एकदोन ओळी वाचायच्या, मन परत यायचं. काही वेळा तर वाचावंही लागत नसे, पुस्तक नुसतं जवळ असलं तरी पुरे. बाराही महिने समाधीत बसलेली संत नव्हे, मन लागत नाही म्हणून हैराण झालेली एक बाई इथे दिसते. म्हणूनच ती जवळची वाटते.

१५५९ मध्ये स्पेनचे मुख्य इन्क्विझिटर फर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध पुस्तकांची यादी काढली. युरोपात प्रॉटेस्टंट चळवळ पसरली होती आणि साध्या माणसांनी आपल्या भाषेत धर्म वाचला तर ते आपापला अर्थ काढतील, ही भीती त्यामागे होती. बोलीभाषेतली अनेक प्रार्थनापुस्तकं त्या यादीत गेली. त्यात लुईस दे ग्रानादासारख्या पूर्णपणे कॅथलिक, लोकप्रिय धर्मगुरूचं पुस्तकही होतं. लॅटिन जाणणाऱ्या पंडितांचं फारसं अडलं नाही. तेरेजाला लॅटिन येत नव्हतं. तिच्याजवळची पुस्तकं गेली.

तिला फार वाईट वाटलं आणि ते तिने लपवलं नाही. त्याच सुमारास प्रार्थनेत तिला प्रभूकडून आश्वासन मिळालं की मी तुला जिवंत पुस्तक देईन. श्रद्धाळू माणसाला हा साक्षात्कार वाटेल, इतर कुणाला मनाने शोधलेली वाट वाटेल. इतिहासाने नोंदवावं असं तिसरंच काही आहे. वाचायची पुस्तकं हिरावली गेल्यावर या बाईने स्वतः लिहायला घेतलं आणि तेही लॅटिन न येणाऱ्या आपल्या बहिणींसाठी, स्पॅनिशमध्ये. तिच्या आत्मचरित्राची प्रत काही वर्षं इन्क्विझिशनच्या ताब्यात अडकून पडली. ते छापलं गेलं १५८८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. संपादक होते फ्राय लुईस दे लेओन. बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या पुस्तकाचा स्पॅनिश अनुवाद केला, हा ठपका ज्यांच्यावर ठेवला गेला होता आणि ज्यांनी जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात काढली होती, ते हेच.

१९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी याच तेरेजाला चर्चची ‘डॉक्टर’, म्हणजे सर्वांनी जिच्याकडून शिकावं अशी आचार्य, म्हणून घोषित केलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

साष्टीतला प्रश्न

तेरेजाची पुस्तकं गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. इथे गोष्ट जास्त कडू आहे. पोर्तुगीज सत्तेखालच्या साष्टी प्रांतात त्या दशकात देवळं पाडली गेली. जुने सण, जुने विधी बंद झाले आणि पोथ्या बाळगणंही धोक्याचं झालं. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आजही काही हस्तलिखितं आहेत. रामायण-महाभारतातल्या कथा, कोंकणी आणि मराठीत, रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या. लोक काय वाचतात, काय ऐकतात ते समजून घेण्यासाठी मिशनरींनी त्या उतरवल्या. गावात मात्र त्याच कथांना मज्जाव होता.

अशा गोव्यात २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स हा तिशीतला इंग्रज उतरला. विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावचा. इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं तेव्हा धोक्याचं होतं. तो रोमला गेला, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला आणि लिस्बनहून जहाजाने भारतात आला. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो इथेच राहिला आणि बराच काळ साष्टीतच. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना मारून सूड घेतला, तेव्हाही तो साष्टीत होता. दोन्ही बाजूंचं रक्त त्याच्या डोळ्यांसमोर सांडलं होतं.

स्टीफन्स कोंकणी शिकला, मराठी शिकला. घरात कोंकणी आणि पोथीत मराठी, अशी इथली रीत त्याने ओळखली. १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोल इथे त्याचा ग्रंथ छापला गेला. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. मिळून ९५ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि दहा हजारांहून जास्त ओव्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेल्या असतात. पुस्तकाच्या सुरुवातीला येणारा एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही.

धर्मशिक्षण चालू आहे आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना प्रश्न विचारतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही शिकवता ते चांगलं आहे. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हाला का देत नाही? आम्ही रिकाम्या वेळी काय वाचावं?

हा प्रश्न खरोखर कुणी विचारला की कवीने रचला, याने फारसा फरक पडत नाही. स्टीफन्सने तो आपल्या ग्रंथाच्या दारातच ठेवला, हे महत्त्वाचं. त्यात विनवणी आहे तशी तक्रारही आहे. तुम्ही आमच्या हातातलं काढून घेतलंत आणि हात रिकामा ठेवलात, असं तो माणूस सांगतोय. प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका पाठ करून श्रद्धेची कलमं कळतील. पण पावसाळ्यातल्या संध्याकाळी चार माणसं एकत्र बसली तर म्हणायचं काय, ऐकायचं काय, मनात घोळवायचं काय? बेनेडिक्टच्या मठवासीयांना जो चारा रवंथ करायला मिळत होता, तो साष्टीतल्या शेतकऱ्याला कुठून मिळणार?

स्टीफन्सचं उत्तर होतं ओवी. तीन चरणांत यमक जुळणारी, चौथ्या चरणात श्वास टाकणारी, सावकाश म्हणायची आणि सहज पाठ होणारी. ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडवलेलं हे माप त्याने जसंच्या तसं घेतलं. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही त्याने टाकून दिला नाही. एकाने वाचावं आणि दहांनी ऐकावं, हा पोथीचा संसार इथल्या लोकांच्या अंगवळणी होता. त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही त्यात जागा मिळाली. युरोपातल्या मठात सावकाश, मोठ्याने वाचण्याची जी शिस्त होती तिला आपल्याकडे पोथीचं तयार घर सापडलं.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ मध्ये स्टीफन्सने रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तकं छापायची परवानगी मागितली होती. अडचण त्याने स्वतःच सांगितली आहे. युरोपात २४ अक्षरांवर भागतं, इथे साचे लागतील सुमारे ६००. ते झालं नाही. मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या.

या ग्रंथाला निर्मळ म्हणणं खोटं ठरेल. ज्या सत्तेने पोथ्या बंद केल्या तिच्याच छत्राखाली ही पोथी लिहिली गेली. पण ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांनी पुढे तिचं काय केलं, तो इतिहास सत्तेच्या हातात राहिला नाही.

पोथी घेऊन निघालेली माणसं

‘क्रिस्तपुराण’ १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. पुढे वारं फिरलं. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी फर्मान काढलं की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. स्पेनमधल्या १५५९च्या यादीने पुस्तकं हिरावली होती. या फर्मानाला तर बोलीच नको होती.

इन्क्विझिशन, कर, दुष्काळ, लढाया अशा नाना कारणांनी गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला कानडा मुलखात, मंगळूरच्या आसपास जाऊन राहिली. त्यांच्याबरोबर ‘क्रिस्तपुराण’ही गेलं. छापील प्रती विरल्या. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत शिल्लक असल्याची नोंद नाही. पण घराघरांत हाताने नकला होत राहिल्या आणि उपवासकाळात, लग्नघरात ओव्या म्हटल्या जात राहिल्या. कानडी बोलणाऱ्या मुलखात, घरात कोंकणी असलेल्या कुटुंबांमध्ये, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत एक मराठी पुराण जिवंत होतं.

या हस्तलिखितांच्याच आधारे १९०७ मध्ये जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं. लंडनमध्ये मार्सडन संग्रहात देवनागरीतलं एक हस्तलिखितही निघालं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्सने मागितलेली लिपी त्याच्या ओव्यांना छापील रूपात मिळायला साडेतीनशे वर्षांच्या घरात काळ गेला. आणि तोवर ग्रंथ टिकला तो साध्या माणसांनी वहीत उतरवून घेतला म्हणून. लोयोलाच्या वाड्यात लाल-निळ्या शाईने चाललं होतं तेच काम ही माणसं करत होती.

आता सगळं मिळतं

१८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई व्हर्बुम’ हा दस्तऐवज संमत केला. पवित्र शास्त्राचं दार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडं असावं, योग्य भाषांतरं व्हावीत आणि वाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. १९६९ मध्ये रविवारच्या वाचनांची तीन वर्षांची नवी साखळी आली, त्यामुळे चर्चमध्ये येणाऱ्या साध्या माणसाच्या कानावर बायबलचा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा भाग पडू लागला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. साष्टीतल्या त्या माणसाने मागितलं होतं ते, आपल्या भाषेत वाचायला काहीतरी, आता मुबलक आहे.

आजची वाचनं फोनवर येतात. पहिलं वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान, खाली दोन परिच्छेद चिंतन. बसमध्ये वाचून होतात, एखादी ओळ आवडली तर तिचा स्क्रीनशॉट काढला जातो, लगेच दुसरं नोटिफिकेशन येतं. हे कमअस्सल आहे असं म्हणायचं कारण नाही. पुस्तक हिरावलं जाण्याची भीती नाही, लॅटिन यायला नको, ६०० साचे पाडायला नकोत. तेरेजाला हे मिळालं असतं तर तिने डोळे भरून पाहिलं असतं.

पण तिच्याकडे जे होतं आणि आपल्याकडे कमी पडतं, ते या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं. तिच्याकडे एकच पुस्तक होतं आणि ते बाजूला ठेवल्यानंतरचा वेळ होता. गिगोच्या शिडीवर वाचन ही फक्त पहिली पायरी आहे. आपला अंगठा त्या पहिल्याच पायरीवर वर-खाली फिरत राहतो. घास तोंडात जातो आणि चावायच्या आत दुसरा येतो.

म्हणून ज्यांना रोजच्या वाचनातून खरंच काही हवं आहे, त्यांना या सगळ्या माणसांकडून घेण्यासारखं फार थोडं आणि फार जुनं आहे. रोज चारच ओळी घ्याव्यात. एकदा तरी आवाज काढून वाचाव्यात. अडल्यासारखं वाटेल त्या शब्दापाशी थांबावं आणि पुढे जायची घाई करू नये. मन पळालं तर तेरेजासारखं परत त्याच ओळीवर यावं, त्यात लाज वाटायचं कारण नाही. रात्री झोपण्याआधी दिवसभरातलं आठवून पाहावं. सकाळची ओळ कुठे भेटली का? आणि तासभर स्क्रोल केलेलं बाकीचं काय ठेवून गेलं? इग्नेशियसने आपल्या माणसांना दिवसातून दोनदा असा आढावा घ्यायला सांगितलं होतं. त्यासाठी कॅथलिकच असावं लागतं असंही नाही, पोथी कोणतीही असो, हा प्रश्न तिला विचारता येतो.

आणि जमलं तर एक वही करावी. स्क्रीनशॉट गॅलरीत जातात आणि तिथेच राहतात. हाताने ओळ लिहायला मिनिटभर लागतं आणि त्या मिनिटात दुसरं काही करता येत नाही. मंगळूरकडच्या ज्या घरांनी ओव्या उतरवून ठेवल्या त्यांनाही बहुधा आपण ग्रंथ वाचवतोय वगैरे वाटलं नसावं. उपवासाचे दिवस जवळ आलेले असतील, म्हणायला ओव्या लागणार असतील, म्हणून कुणीतरी दिवा लावून लिहायला बसलं असेल.